गेलता कुठं?

उदगीरच्या बसस्थानकावर 'कुठं गेलता?' असं कुणी विचारलं, की मला आमचे इंग्रजीचे मास्तर आठवतात. 'गो, वेन्ट, गॉन' ते छडीच्या तालावर घोकून घ्यायचे. परवा भाच्यानं वहीत 'गोएड' लिहिलं. नियमानं पोराचं बरोबरच! 'गो'चं 'वेन्ट' होतंच कसं?

तर ते होत नाही. 'वेन्ट' हे 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं लेकरू. वेंड म्हणजे वळणं घेत जाणं. सेंडचं सेन्ट, बेंडचं बेन्ट, तसं वेंडचं वेन्ट. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते 'गो'च्या घरात दत्तक गेलं.

हसण्याआधी आपलं घर बघू. 'जातो'चं 'गेलो' कसं झालं? 'जा' आला संस्कृत 'या' धातूवरून, याति वगैरे. 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'वरून. दोन धातूंचा एकच संसार. आपल्या दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांचंही तेच, जाना आणि गया. शेजारच्या बिदरकडची कन्नड मात्र सरळ वाटेनं जाते: होगु, होद.

स्पॅनिशनं तर कहरच केला. मूळ क्रियापद 'इर', 'मी जातो' म्हणजे 'वॉय', आणि 'मी गेलो' म्हणजे 'फुई'. तीन रूपं, लॅटिनमधली तीन वेगळी क्रियापदं. त्यातलं 'फुई' तर 'असणे'कडून उसनं घेतलेलं, त्यामुळे 'मी होतो' आणि 'मी गेलो' दोन्हींना एकच शब्द.

आमच्याकडं 'गेलो होतो'चं बोलताना 'गेलतो' होतं. भाच्याला म्हटलं, हे वहीत लिहू नकोस, मार्क जातील. तो म्हणाला, "गेलेच की!"