सांडशीचे तोंड

डिचोलीच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. समईच्या शेंड्यावर मोर किंवा हंस बसलेला दिसला की कारागिराने प्राणिसृष्टीपासून स्फूर्ती घेतली, असे आपण सहज लिहून जातो. वस्तुतः त्या हंसाचे काम शोभेचे. तो नसता तरी ज्योत तितकीच उजळ राहिली असती. घुमटाची गोष्ट निराळी. मातीच्या घटाच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून ते सिद्ध करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीची शिकार निषिद्ध झाल्यावर तेथे बकऱ्याचे कातडे आले, आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य ठरविले. परंतु येथेही प्राण्याचा अवयवच कामी आला आहे; त्या अवयवातील युक्ती उचललेली नाही. अवयवाचे कार्य ओळखून ते लाकडात वा लोखंडात उतरविणे ही तिसरीच गोष्ट होय. तिचा पुरावा देवघरात नव्हे, चुलीपाशी मिळतो.

सांडस व सांडशी हे शब्द संस्कृत ‘संदंश’ शब्दावरून आले. त्यात ‘दंश’ उघड आहे: दोन्ही बाजूंनी मिळून चावणे. सुश्रुतसंहितेत एकशे एक शल्ययंत्रे सांगितली असून त्यांत संदंश आहेच. पण अधिक बोलकी आहेत ती चोवीस स्वस्तिकयंत्रे. प्रत्येक अठरा अंगुळे लांब, दोन पाती मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेली, आणि काम हाडात रुतलेले शल्य उपटण्याचे. त्यांची नावे सिंहमुख, व्याघ्रमुख, वृकमुख, काकमुख, कंकमुख अशी आहेत. यांत श्रेष्ठ ठरविले आहे ते कंकमुख, कारण ते खोल शिरते, घट्ट धरते व सहज बाहेर येते. वनराजाच्या प्रतिष्ठेला ग्रंथकार भुलला नाही, एका चोचीला त्याने पहिला मान दिला!

मात्र हे निव्वळ अनुकरण नव्हे. जबड्याचा सांधा मागच्या टोकाला असतो आणि स्नायू सांधा व पुढचे दात यांच्या मध्ये ओढ घेतो. त्यामुळे पुढच्या दातांशी त्याचे बळ घटते. सांडशीचा खिळा तोंड आणि मूठ यांच्या मध्ये आहे, दांडे लांब आहेत. म्हणून हाताचे थोडे बळ तोंडाशी वाढते. कल्पना जबड्याची घेतली, पण सांध्याची जागा लोहाराने बदलली. उतरलेल्या पातेल्याचे श्रेय या बदलाला आहे.

नावावरून अनुमान काढताना सावध राहिले पाहिजे, हे शिकण्यास पेडणे-डिचोलीसारखे ठिकाण नाही. सावंतवाडीकरांकडून डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. या सीमेवर समोरासमोर आलेल्या बंदुकांचा एकच भाग मराठीत ‘घोडा’, तर पोर्तुगीजांत ‘कांव’ म्हणजे कुत्रा. इंग्रजांनी त्याला कोंबडा केले. चकमकीचा दगड दातांत धरणारा कुत्रा समजू शकतो; मराठी घोडा मात्र चावण्यासाठी ठेवला नसावा. उलट, नाव नसतानाही साम्य असू शकते. आदोळीच्या पात्याच्या टोकाला खोबरे खवण्यासाठी दाते असतात, आणि आपल्या बायका ‘दाते’ म्हणून थांबतात. थायलंडात मात्र त्याच साधनाचे नाव ‘ससा’ असे आहे. जुनी खवणी सशाच्या आकाराची कोरीत व पाते त्याच्या तोंडाशी बसवीत.

आपल्या कोशांत अशा हत्यारांपुढे ‘पकडण्याचे एक साधन’ एवढेच लिहिलेले असते. तेवढ्याने भागत नाही. गॅसच्या शेगडीने आणि बाजारातील तयार अवजारांनी लोहाराची भट्टी मागे टाकली आहे, आणि हत्याराबरोबर त्याच्या अंगोपांगांची नावेही जातात. या दोन तालुक्यांतील शिक्षकबंधूंनी वृद्ध लोहार-सुतारांकडे जाऊन प्रत्येक हत्याराचे चित्र काढावे, भागाभागाचे नाव आणि त्याचे काम लिहून घ्यावे. सांडसाच्या पुढच्या टोकांना ते तोंड म्हणतात, जबडा म्हणतात की चोच, हे तर पहिल्याच भेटीत विचारावे.