आधी लस, मग अट

हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. सौदीचा नियमच आहे. आपल्या मोहल्ल्यात त्यावर कधी वाद झालेला मी ऐकला नाही. कारण साधं आहे. निघण्यापूर्वी शिबिर लागतं, लस हातात येते, प्रमाणपत्रही तिथेच मिळतं. आधी लस, मग अट.

२०२१ मध्ये मुंबईत हा क्रम उलटा झाला. १५ ऑगस्टपासून लोकल सामान्य प्रवाशांसाठी उघडली, पण दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांसाठीच. कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. ८४ आणि १४ म्हणजे ९८. कोविशील्ड घेणाऱ्या तरुणाला १५ ऑगस्टला गाडीत चढायचं, तर पहिला डोस ९ मेपर्यंत हवा होता. आणि १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरूच झालं १ मे रोजी! तेही अ‍ॅपवर नंबर लागला तर. लसींच्या तुटवड्यामुळे राज्याने काही दिवसांतच ते थांबवलं.

आरे कॉलनीत आमच्या वस्तीत एक बाजी राहते. वय ३८, दादरला शिवणकाम करते. तिला पहिला डोस मिळाला जूनच्या शेवटी, म्हणजे लोकल थेट ऑक्टोबरमध्ये. तोवर गोरेगावहून बस बदलत जायची. बसमध्ये माणसाला माणूस चिकटलेला, तिथे त्या वेळी प्रमाणपत्र कुणी विचारत नव्हतं. ज्यांचं ऑफिस घरातल्या लॅपटॉपवर चालत होतं, त्यांना या अटीची झळ फारशी लागली नाही.

मी लसीच्या बाजूचा माणूस आहे, हे स्पष्ट सांगतो. अफवांमुळे आपल्याच लोकांनी केलेलं नुकसान मी पाहिलंय.

प्लेगच्या काळातही मुंबईने हे अनुभवलं आहे. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान तिसरे यांनी अनुयायांची भीती जावी म्हणून लोकांसमोर टोचून घेतली. दुसरीकडे सरकारने त्याच वर्षी हजयात्रा बंद केली, घरोघर तपासण्या लावल्या. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. त्या विणकरांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. घरातली मुलगी कुठे नेतील, परत येईल का, हे त्यांना कोण सांगणार होतं?

लोकलचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की, मुख्य सचिवांचे ते आदेश कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने काढलेलेच नव्हते. एप्रिलपासून राज्याने सगळे निर्बंध उठवले. २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: लस घेण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, लसीकरणाचं धोरण गैर नाही, पण लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेर आहेत.

बाजीला मी हा निकाल वाचून दाखवला. ती म्हणाली, "सर, मी तर लस घ्यायला तयारच होते. रांगेत उभी होते."