सोय नव्हे, वाट

कोकणात ओढ्यावर टाकलेल्या लहानशा पुलाला साकव म्हणतात. पायी चालणाऱ्या माणसानं अलीकडून पलीकडे जावं, एवढंच त्याचं काम. रेल्वे स्थानकावरचा पादचारी पूल हाही एका अर्थी साकवच. खाली पाण्याऐवजी रूळ असतात, इतकाच फरक. मात्र गावचा साकव मोडला तर सारं गाव हळहळतं. स्थानकावरच्या पुलाकडे आपण रोज त्याच्यावरून जाऊनही कधी नीट पाहत नाही. तो पडतो किंवा माणसांना गिळतो, तेव्हाच तो आपल्याला दिसतो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा घाट घातला. रेल्वे आणि गिरणी या दोघींनी मिळून आजची मुंबई घडवली. परळ, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी हा भाग गिरणगाव झाला. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या डफांनी इथल्या चाळी जागवल्या. याच गिरणगावात दोन रेल्वेमार्ग एकमेकांच्या अगदी जवळ येतात. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड ही स्थानकं शेजारी शेजारी उभी राहिली. 1853 ते 1860 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचं नाव त्या स्थानकाला होतं. जुलै 2018 पासून ते प्रभादेवी झालं.

गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगार बहुतेक जवळच्याच चाळींतून पायी पाळीला जात. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगावचं चित्र कायमचं पालटलं. 1991 च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी दुसऱ्या वापरासाठी मोकळ्या झाल्या. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. चाळीतून चालत येणाऱ्या कामगारांच्या जागी विरार, कल्याण, पनवेलहून लोकलनं येणारे नोकरदार आले. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या. या सगळ्यात वाढला नाही तो एक जिना.

29 सप्टेंबर 2017. शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाऊस कोसळत होता. गाडीतून उतरलेली माणसं छपराखाली पुलाच्या जिन्यावर थांबली. मागून दुसऱ्या गाडीची माणसं आली, मग तिसऱ्या. चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. चौकशीच्या वेळी एक हकीकत पुढे आली. कोणा फूलवाल्याचा भारा सांडला, ‘फूल गिर गया’ अशी ओरड झाली आणि गर्दीनं ती ‘पुल गिर गया’ अशी ऐकली. ‘फूल’ संस्कृतातल्या ‘फुल्ल’वरून आला, ‘पूल’ फारशीतून. दोघांत अंतर एका महाप्राणाचं. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकीकत झोप लागू देत नाही. पण खरा प्रश्न ऐकण्यातल्या चुकीचा नाहीच. पूल पडला, यावर शेकडो माणसांचा एका क्षणात विश्वास का बसला? कारण तो पडू शकतो, हे भय रोज तो जिना चढताना प्रत्येकाच्या मनात होतंच.

नव्या, रुंद पुलाला तोपर्यंत मंजुरी मिळालेली होती. पूल कागदावर होता, माणसं जिन्यावर होती. हे असं का व्हावं? याचं एक कारण हिशेबाच्या वहीत सापडतं. रेल्वेच्या वहीत स्थानकावरचा पहिला पूल तेवढा आवश्यक धरला जाई. त्यानंतरचा प्रत्येक पूल ‘प्रवासी सुविधा’ या सदरात पडे. सुविधा म्हणजे पैसे उरले तर करायची गोष्ट. बाकडं, पंखा, पाण्याचा नळ यांच्या पंगतीतली. दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी बैठक घेतली आणि दीडशे वर्षांची ही प्रथा बदलली. पादचारी पूल ही यापुढे सुविधा नव्हे, सुरक्षेसाठी अनिवार्य बाब मानली जाईल, असं ठरलं. एक शब्द बदलला. त्या शब्दासाठी 23 माणसं जावी लागली.

त्यानंतर लष्कराला पाचारण झालं. एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या तीन ठिकाणी लष्कराच्या अभियंत्यांनी बेली पद्धतीचे लोखंडी पूल जोडले. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्यानं ही रीत शोधली. तयार सांगाडे आणायचे आणि जागेवर जोडायचे. 27 फेब्रुवारी 2018 रोजी तिन्ही पूल खुले झाले. नागरी कामाला सैनिक कशाला, असा वाद तेव्हा झाला. पण ज्या कामाला वर्षं लागत होती, ते काही महिन्यांत होऊ शकतं, हेही त्यातून दिसलं. पुढे 3 जुलै 2018 ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला. 14 मार्च 2019 ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पूल पडला. तेव्हापासून जुने पूल तपासणं, पाडणं, नवे बांधणं याला वेग आला.

इथवरचा इतिहास चढू शकणाऱ्यांचा झाला. पण श्रोतेहो, पुलाखाली उभं राहून वर बघणारीही माणसं असतात. आमच्या अम्मीचे गुडघे गेले, तेव्हापासून प्रवासाचं नाव काढलं की तिचा एकच प्रश्न असे, “गाडी कोणत्या फलाटावर येणार?” कुठे जायचं, हे तिच्यासाठी फलाट ठरवू लागला. 2011 च्या जनगणनेत देशातल्या अपंगांची संख्या 2 कोटी 68 लाख नोंदली गेली. त्यात अम्मीसारख्या म्हाताऱ्या, गरोदर बायका, पाय मोडलेले, कडेवर मूल आणि हातात बोचकं घेतलेले धरलेलेच नाहीत.

साधं गणित मांडून बघा. विजेच्या तारांवरून जायचं म्हणून पूल उंच ठेवावा लागतो. समजा, सहा मीटर चढायचे आहेत. पंधरा सेंटिमीटरची एक, अशा चाळीस पायऱ्या झाल्या. चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा तर एक मीटर उंचीला निदान बारा मीटर लांबी हवी. म्हणजे बहात्तर मीटर, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा. गजबजलेल्या फलाटावर एवढी जागा आणायची कुठून? म्हणून उद्वाहन, म्हणजे आपली लिफ्ट. ती एका फलाटावर असून भागत नाही. ज्या फलाटावर उतरायचं तिथेही हवी, रस्त्याच्या बाजूलाही हवी. आंधळ्याच्या काठीला कळेल अशी खरबरीत फरशी तिच्या दारापर्यंत हवी. साखळीतली एक कडी तुटली, तर सारी साखळी निरुपयोगी. आणि ती चालू हवी. ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी लावलेली लिफ्ट चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी पडलेल्या पुलासारखीच असते.

कायदा याबाबतीत मुका नाही. अपंगांसाठी 1995 मध्ये कायदा झाला, त्याची जागा 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं घेतली. 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. तरीही एक गोम राहिली होती. कायदा ‘केलंच पाहिजे’ म्हणत होता, पण 2017 च्या नियमांतला पंधरावा नियम ज्या निकषांकडे बोट दाखवत होता, त्यांतले बरेच ‘केलं तर बरं’ अशा भाषेतले होते. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत वेगळे काढा, असा आदेश केंद्राला दिला.

पादचारी पुलाच्या बाबतीत 2017 ला जे घडलं, तेच पुन्हा घडतं आहे. तेव्हा ‘सुविधा’ खोडून ‘सुरक्षा’ लिहिलं गेलं. आता ‘शिफारस’ खोडून ‘बंधन’ लिहायचं आहे. फरक एवढाच, की चेंगराचेंगरी दिसते, मोजता येते, वर्तमानपत्रात छापून येते. जिन्याकडे पाहून घरी परत गेलेल्या, किंवा घराबाहेर पडलेल्याच नाहीत अशा माणसांची मोजदाद कोणी करत नाही.

आपल्या स्थानकावरचा जुना पूल पाडून नवा बांधायला घेतील, तेव्हा त्याची रुंदी जरूर विचारा. पण त्याच दमात हेही विचारा, की लिफ्ट नकाशात आहे का, कुठल्या कुठल्या फलाटावर आहे आणि बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? पूल उभा राहिल्यावर विचारलं, तर उत्तर ठरलेलं आहे: आता जागा नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)