चिंचणीचा ताम्रपट आणि मधुमतीचे इमान

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी जे ताम्रपट सापडले, त्यांतला शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट आम्हा मुसलमानांनी मुद्दाम वाचावा असा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला हा लेख. त्यात संजाण मंडलाचा अधिकारी म्हणून मधुमती ऊर्फ सुगतिप याचे नाव येते. तो ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात.

या मुहम्मदाने आसपासची बंदरे राजासाठी जिंकली, लोकांसाठी फुकट नाव चालवली, संजाणात अन्नछत्र उघडले. शिवाय राजाच्या संमतीने एका मठाला गाव इनाम दिले. देवीचा नैवेद्य आणि विद्वानांचे भोजन त्यातून चालावे, हा हेतू.

आता वाद इथे उभा राहतो. काही म्हणतात, देवीला दान देणारा मुसलमान कसला? दुसरे म्हणतात, त्याने धर्म गुंडाळून ठेवला म्हणूनच तो उदार झाला. आम्हाला दोन्ही मते घाईची वाटतात. अल-मसूदी हा अरब प्रवासी ९१६ साली चौलला आला, तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते आणि त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच असे. अशा राज्यात मोठे पद मिळवायला धर्म सोडण्याची गरज नव्हती. शिवाय ताम्रपटाची भाषा दरबारी पंडिताची. त्यातून मुहम्मदाचे काम कळते, त्याची नीयत कळत नाही. ती अल्लाहच जाणे.

मग धर्माची चिकित्सा करूच नये काय? जरूर करावी. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत नेला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची सगळी मते आम्हाला पटत नाहीत. पण त्यांचा प्रश्न जिवंत बायकांच्या तलाकचा होता. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवला. तो प्रश्न आपणच आधी सोडवला असता तर न्यायालयाची वाट पाहावी लागली नसती.

आजच्या प्रश्नांची उत्तरे आजच्या माणसांनी द्यावीत. मधुमतीला कोणाच्याही बाजूचा साक्षीदार करू नये. मुलांना मात्र त्याची नाव आणि त्याचे अन्नछत्र जरूर शिकवावे.