खासगी रॉकेट, सरकारी अंगण

१८ नोव्हेंबर २०२२ला श्रीहरिकोट्यावरून ‘विक्रम-एस’ उडालं. हैदराबादच्या ‘स्कायरूट’चं, देशातलं पहिलं खासगी रॉकेट. उंची जेमतेम सहा मीटर, म्हणजे आमच्या मोर्शीतल्या दुमजली घराएवढी. नव्वदेक किलोमीटर वर जाऊन ते ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं. बातम्यांत ‘खासगी’ हा शब्द ठळक होता. मी मात्र त्याच्या खालच्या जमिनीचा इतिहास वाचत बसलो.

ती जमीन सरकारची. १९६९मध्ये हे बेट निवडलं, कारण पूर्वेला मोकळा समुद्र आणि विषुववृत्तही फार लांब नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग रॉकेटला फुकट मिळतो. (अगदी फुकट नाही. बेटावरच्या यानादी आदिवासींना तिथून हलवण्यात आलं.) १९७१मध्ये छोटी रोहिणी रॉकेटं सुटू लागली. १९७९मध्ये एसएलव्ही-३ समुद्रात कोसळलं, पुढच्याच वर्षी यशस्वी झालं. रॉकेटच्या घन इंधनावर आपल्या वसंत गोवारीकरांनी मोठं काम केलं. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटची कवचं बनत होती. म्हणजे खासगी हात पहिल्यापासून होतेच. फक्त ते भाग बनवून देत. रॉकेट इस्रोचं असे.

२०२०मध्ये हे उलटलं. परवानगी देणारी ‘इन-स्पेस’ आली आणि कंपन्या स्वतःचं रॉकेट घेऊन सरकारी तळावर येऊ लागल्या. ‘अग्निकुल’नं तर तिथंच स्वतःचा उड्डाणमंच बांधला आणि ३० मे २०२४ला त्यावरून रॉकेट उडवलं. अमेरिकेत अपोलो-११ ज्या मंचावरून चंद्राकडे गेलं, तो नासानं २०१४मध्येच ‘स्पेसएक्स’ला वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिला होता.

मोर्शीकराला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण सरकारनं बांधलं, त्यासाठी गावं उठली. पुढे त्यातलं पाणी नांदगाव पेठच्या खासगी वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले. आता पाणी वापरलं की संपतं, मंच तसा संपत नाही. म्हणून खासगी रॉकेटांना माझा विरोध नाही. पण भाडं किती, आणि एकाच तारखेवर दोघांचा दावा आला तर आधी कोण, हे उघडपणे ठरायला हवं. कारण १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, आपल्या भूमीवरून उडालेलं रॉकेट कुणाचंही असो, ते परदेशात कोसळून नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर नाही, भारत सरकारवर येते.

तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला छोट्या रॉकेटांसाठी दुसरा तळ होतोय. २८ फेब्रुवारी २०२४ला त्याची पायाभरणी झाली. तिथंही जमीन सरकारनंच घेतली आहे.