कनवटीपासून खिशापर्यंत : लेकुरवाळीच्या कपड्यांची गोष्ट

गॅसवर काही ठेवलं असेल तर आच थोडी कमी करा आणि दहा मिनिटं आमच्याजवळ बसा. मांडीवर लेकरू असेल तर फारच छान, कारण आजची गोष्ट त्याच्या आईची आहे. तिच्या कपड्यांची आहे.

आमच्या बचत गटाचा एक नियम होता. बैठकीला सगळ्यांनी गटाची साडी नेसून यायचं आणि उशीर झाला तर दहा रुपये दंड. नियम आम्हीच केला होता आणि आम्हाला तो फार आवडायचा. एकसारख्या साड्यांत ओळीनं बसलं की बँकेच्या साहेबांनाही बरं वाटतं. पण गेल्या वर्षी लक्षात आलं, की गटातल्या तीन तरुण सुना बैठकीला येईनाशा झाल्या आहेत. तिघींचीही मुलं दोन वर्षांच्या आतली. हप्ता सासूच्या हातून यायचा, वहीवर सही घरी व्हायची. कर्ज कोणाला द्यायचं हे ठरताना त्या नसायच्या. त्यातल्या एकीला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं. ते आम्ही दुसरीला देऊन मोकळे झालो, कारण मागायला ती हजरच नव्हती.

मग आम्ही तिच्या घरी गेलो. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल, कडेवर बाळ. ती म्हणाली, "ताई, साडी नेसायला घेतली की हा रडतो. नेसून झाली की अंगावर ओकतो. परत बदलेपर्यंत तुमची बैठक संपते. आणि गाऊनवर आले तर तुम्हीच हसाल." तिचं खरं होतं. आम्ही हसलो असतो.

पुढच्या बैठकीत विषय काढला : लेकुरवाळ्या बायकांनी ड्रेस घालून आलं तर चालेल का? एक काकू लगेच म्हणाल्या, "साडी ही आपली परंपरा आहे." त्यावर आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजी, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या, मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "कसली परंपरा? माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा ही तुमची गोल साडी नेसली, तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं."

सगळ्या गप्प झालो. तेव्हापासून आम्ही म्हाताऱ्या बायकांना विचारत गेलो, तालुक्याच्या वाचनालयात जाऊन थोडं वाचलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात लुगड्यापासून. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. आज आपल्याला ते ओझं वाटतं, पण ते नेसायला परकर लागत नव्हता, पिन लागत नव्हती. कासोटा घातला की बाई शेतात वाकायला, झाडावर चढायला, घोड्यावर बसायला मोकळी. रायगडावरची हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. लोक तिच्या धाडसाविषयी बोलतात. आजी म्हणाल्या, "आणि कासोटा होता म्हणून उतरली. गोल साडीत पाय अडकून पडली असती." गोष्ट खरी किती हे सोडा, पण सांगणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांना तिच्या अंगावर कासोट्याचं लुगडंच दिसत होतं.

या लुगड्यात लेकुरवाळीच्या सोयीच्या चार गोष्टी होत्या. एक ओचा, ज्यात शेंगा, भाजी, पोरासाठी उचललेली बोरं मावायची. दुसरी कनवट, म्हणजे कमरेशी खोचलेली पैशाची गाठ. तिसरा पदर. पाजताना झाकायला, नाक पुसायला, उन्हात डोकं झाकायला, वारा घालायला. आणि चौथी चोळी. जुनी चोळी पुढून गाठ मारायची असे. बाळ भुकेलं की गाठ सोडायची, पाजायचं, परत बांधायची. अंग सुटलं किंवा बारीक झालं तरी गाठ सैल-घट्ट करता यायची. बाळंतपणानंतर ब्लाउज होत नाही म्हणून रडणाऱ्या आपण सगळ्यांनी हे ऐकण्यासारखं आहे.

आणि हे सगळं दिसायलाही देखणं होतं. आमच्या सांगली-सोलापूरकडे इरकलचं लुगडं आणि गुळेदगुड्डचा खण ही जोडी मानाची. दोन्ही गावं आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहेत, पण तेव्हा सगळा मुंबई इलाखाच. खणाचं कापड असं विणलेलं असतं की त्याची बारीक नक्षी आणि काठ चोळीला आपोआप शोभा देतात. रोजच्या कामाचं लुगडं कितीही साधं असलं तरी चोळी उठून दिसायची. सगळा जोर एका जागी लावायचा आणि बाकी साधं ठेवायचं, ही युक्ती आपल्या पणज्यांना ठाऊक होती.

लुगडं विरलं तरी वाया जात नसे. मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी, लंगोट, पाळण्याची झोळी, आणि शेवटी गोधडी. मूल आईच्याच कपड्यात गुंडाळलेलं असायचं.

आता गोल साडीकडे येऊ. तिच्या वाटेवर एक महत्त्वाचं नाव आहे ज्ञानदानंदिनी देवींचं. रवींद्रनाथ ठाकुरांच्या या वहिनी. त्यांचे यजमान सत्येंद्रनाथ हे आयसीएसमध्ये दाखल झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये ज्ञानदानंदिनी मुंबईला आल्या. बंगालात तेव्हा घरातल्या बायका नुसती साडी गुंडाळत. त्या वेषात चारचौघांत जाणं अवघड होतं. मुंबईत त्यांनी पारशी बायकांची नेसण पाहिली. तिच्यात आपल्या सोयीनं बदल केला, पदर डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. आतून परकर आणि ब्लाउज. ही नेसण त्यांनी कलकत्त्याला नेली, इतर बायकांना शिकवली. आज देशभर जी गोल साडी नेसली जाते, तिच्या घडणीत या नेसणीचा मोठा वाटा आहे.

आम्हाला या बाईंची दुसरी गोष्ट जास्त भावली. त्यांचा मुलगा सुरेंद्रनाथ १८७२ चा, मुलगी इंदिरा १८७३ ची. १८७७ मध्ये यजमान बरोबर नसताना त्या लहान मुलांना घेऊन बोटीनं इंग्लंडला गेल्या. आपण एस.टी.नं माहेरी जाताना दोन पोरं सांभाळत मेटाकुटीला येतो. म्हणजे ही नवी नेसण शोधणारी बाई आरशासमोर बसून राहणारी नव्हती. तिला बाहेर पडायचं होतं आणि तिच्याजवळ लेकरं होती.

महाराष्ट्रात मात्र नऊवारी लगेच गेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका कासोट्याच्या लुगड्यात कामावर जात. चित्रकार धुरंधरांनी त्या काळच्या मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या बायकांचे पेहराव रंगवून ठेवले आहेत, त्यांत नऊवारीच्या किती तऱ्हा दिसतात. सहावारी आधी शहरांतल्या शिकलेल्या घरांत शिरली. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, १९३० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू झालं. बायका शिकू लागल्या, नोकरीला लागल्या, आणि गोल साडी हळूहळू सुधारणेची खूण झाली. तिकडे दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई आली, १९४३ मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. नऊ वारांऐवजी सहा वारांत भागत असेल तर कोणत्या संसारी बाईला ते पटणार नाही?

पण थोरल्यांना ते पटायला वेळ लागला. गोल नेसणं म्हणजे थिल्लरपणा, देवाधर्माला ते चालत नाही, असं कितीतरी घरांत म्हटलं गेलं. आजींच्या जावेचं पाणी बंद झालं ते याच कारणानं. आज तीच साडी 'आपली परंपरा' म्हणून सुनेसमोर धरली जाते.

गोल साडीनं काही दिलं आणि काही घेतलं. रंग, छपाई, नेसायची सुटसुटीत पद्धत दिली. पण ओचा गेला आणि कनवटही गेली. पैसे ब्लाउजमध्ये नाहीतर रुमालाच्या गाठीत आले. पदर जागेवर राहीना म्हणून पिन आली. ही सेफ्टी पिन अमेरिकेतल्या वॉल्टर हंट नावाच्या माणसानं १८४९ मध्ये पेटंट केली आणि तो हक्क ४०० डॉलरला विकून टाकला. आपल्याकडे ती लेकुरवाळीच्या बांगडीत आणि मंगळसूत्रात कायमची राहायला आली. लंगोटाला पिन, पदराला पिन, तुटलेल्या हुकाच्या जागी पिन.

शिलाई मशीन घरोघर आलं आणि गाठीच्या चोळीचा हुकांचा ब्लाउज झाला. हुक पुढे होते तोवर पाजणारीची सोय टिकली. नंतर सिनेमा बघून पाठीवर हुक आणि नाड्या आल्या, तेव्हा शिंप्यानं बाळाचा विचार केला नाही. मग नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या आल्या. धुतली की तासाभरात वाळते, इस्त्री नको. ज्यांच्या मांडीवर दिवसातून चारदा ओलं व्हायचं त्यांना ती देणगीच वाटली. पण त्या साडीचं दुपटं होईना, कारण ती पाणी शोषत नाही. आणि चुलीजवळ ती पेटली तर कातडीला चिकटते. आमच्या वयाच्या अनेकींच्या आयांनी हा धोका जवळून पाहिला आहे.

त्यानंतर आला गाऊन. तो आला रात्रीसाठी आणि राहिला दिवसभर, कारण पुढे बटणं किंवा चेन, कमरेला घट्ट नाही, डोक्यातून घातला की झालं. लोक गाऊनला नावं ठेवतात. आम्हीही ठेवायचो. पण नीट बघितलं तर आजीच्या गाठीच्या चोळीची सोय बाळंतिणीला परत मिळाली ती गाऊनमध्ये. फक्त तो घालून उंबऱ्याबाहेर जाता येत नाही. म्हणजे सोय मिळाली, पण बाई घरात अडकली. खांद्यावरचा तो टॉवेल बघा, कोणी आलं तर झाकायला घेतलेला. तो पदरच आहे.

पंजाबी ड्रेस आमच्याकडे आधी कॉलेजच्या मुलींच्या अंगावर आला, मग नोकरदार बायकांच्या, आणि सुनेपर्यंत सर्वांत शेवटी पोचला. काही घरांत अजून पोचलेला नाही.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगितलं. वाद झाला. एक काकू अजून नाराज आहेत आणि त्यांचा मान राखूनच आम्ही बोलतो. पण ठराव झाला : मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईनं कोणत्याही नीटनेटक्या कपड्यात यावं, बाळाला घेऊन यावं, उशीर झाला तर दंड नाही. मशीनचं कर्ज मागणाऱ्या त्या सुनेला पुढच्या फेरीत कर्ज मिळालं. या वेळी मागायला ती स्वतः हजर होती, ड्रेसमध्ये, मांडीवर पोरगा.

तिनं मशीनवर पहिला कुर्ता स्वतःसाठी शिवला. त्यात आजीच्या लुगड्याचं सगळं शहाणपण आहे. सुती कापड, गडद रंगाची बारीक छपाई, म्हणजे डाग लगेच डोळ्यात भरत नाहीत. छातीवर आडवी पट्टी, तिच्या आत दोन्ही बाजूंना लपवलेल्या चेन, पाजायला. पट्टी खणाच्या कापडाची, म्हणजे शोभेला दुसरं काही लागत नाही. बाजूला लांब चीर, जमिनीवर मांडी घालून बसता येतं. ओढणी सुती आणि मोठी, पदराची सगळी कामं करणारी. कानात छोटेसे टॉप्स, कारण लोंबणारे डूल बाळ ओढतं. सकाळी घालायला तीन मिनिटं लागतात, आणि दिसते अशी की त्या दिवशी तिघींनी तिच्याकडे माप दिलं.

आणि दोन्ही बाजूंना खोल खिसे. एकात मोबाइल, एकात पैसे आणि गटाचं पासबुक. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून लाखो बायकांच्या नावावर पैसा आला. पण तो ठेवायला कपड्यात जागाच नव्हती. नवऱ्याच्या शर्टाला खिसा, पोराच्या चड्डीला खिसा, आपल्याला मात्र नाही. आजींनी तो खिसा हात घालून तपासला आणि म्हणाल्या, "बरं झालं गं, कनवट परत आली."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात लहान मूल असलेली सून किंवा लेक असेल, तर तिला आज एवढंच विचारा, की तुला बाहेर पडायला कोणता कपडा सोपा जाईल? आणि तुमच्या जुन्या पेटीत एखादा खण पडून असेल तर तो तिला द्या. पुढच्या बैठकीला ती आली पाहिजे.