नंबर तोच, नळीही तीच, मग प्रयोग का फसला? प्रयोगशाळेतल्या साध्या वस्तू बदलल्या की काय होतं?

दही नीट लागलं नाही की आपण दुधाला दोष देतो, विरजणाला देतो, फार तर थंडीला. ज्या भांड्यात ते लावलं, त्या भांड्याचा विचार सहसा कुणी करत नाही.

संशोधकांचंही बऱ्याचदा असंच होतं. प्रयोग बिघडला की आधी रसायनं तपासली जातात, मग यंत्रं, मग माणसांच्या चुका. प्लास्टिकची नळी, टिपकागद किंवा पिंजरा धुवायचं डिटर्जंट यांच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. पण विज्ञानाच्या इतिहासात अशी काही प्रकरणं आहेत, जिथे खरी दोषी हीच साधी वस्तू निघाली. आणि त्यातूनच आज आपल्या घरापर्यंत पोहोचलेले काही मोठे प्रश्न समोर आले.

बोस्टन: नळी बदलली, पण कुणाला सांगितलं नाही

आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाईन हे अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमधले संशोधक. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी कशा वाढतात, यावर त्यांचं काम सुरू होतं. त्यांच्याकडच्या पेशींचा स्वभाव ठरलेला होता. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, दिलं की पेशी भराभर वाढायच्या. दिलं नाही की वाढ मंदावायची.

१९८७ च्या अखेरीस अचानक सगळं बिनसलं. इस्ट्रोजेन दिलेल्या पेशी वाढत होत्याच, पण न दिलेल्या पेशीही तेवढ्याच वेगाने वाढू लागल्या. याचा एकच अर्थ निघत होता. कुठून तरी इस्ट्रोजेनसारखं काहीतरी प्रयोगात शिरत होतं.

दोघांनी बाकीचं काम थांबवलं आणि शोध सुरू केला. एकेक वस्तू बदलायची आणि फरक पडतो का ते पाहायचं, असं कित्येक महिने चाललं. शेवटी संशयाची सुई ज्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये ते रक्तद्रव साठवत होते, त्यांच्यावर येऊन थांबली.

या नळ्या ते नेहमीच वापरत होते. कंपनी तीच, म्हणजे कॉर्निंग, आणि कॅटलॉगमधला नंबरही तोच. पण नळ्या सहज तडकू नयेत म्हणून कंपनीने प्लास्टिकचं मिश्रण बदललं होतं आणि नंबर मात्र जुनाच ठेवला होता. नव्या प्लास्टिकमध्ये नेमकं काय आहे, असं विचारल्यावर ते व्यापारी गुपित असल्याचं उत्तर मिळालं.

मग सोटो आणि सोनेनशाईन यांनी स्वतःच प्लास्टिकमधून तो पदार्थ वेगळा काढायचं ठरवलं. सुमारे दोन वर्षांनी उत्तर मिळालं. तो पदार्थ होता नोनिलफेनॉल. प्लास्टिक टिकाऊ व्हावं म्हणून तो वापरला जायचा. अंडाशय काढलेल्या उंदरांच्या जातीतल्या मादींना, म्हणजे रॅटना, तो टोचल्यावर त्यांच्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी इस्ट्रोजेन दिल्यासारख्या विभागू लागल्या. १९९१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विंगस्प्रेड इथे शास्त्रज्ञांची एक बैठक झाली. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांसाठी 'एंडोक्राइन डिसरप्टर' हा शब्द तिथे रूढ झाला. पुढे सोटो आणि सोनेनशाईन यांनी त्याच पेशी वापरून 'ई-स्क्रीन' ही चाचणी विकसित केली. एखादं रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं का, हे त्यातून कळतं. ज्या पेशींनी प्रयोग फसवला, त्याच पुढे पहारेकरी झाल्या.

हार्वर्ड: किडे मोठे का होत नव्हते?

अशी घटना त्याआधीही घडली होती. १९६४ मध्ये प्रागहून कारेल स्लामा हे कीटकशास्त्रज्ञ हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे काम करायला आले. येताना त्यांनी आपले लाल-काळे ढेकूण सोबत आणले होते. हे किडे पिल्लावस्थेचे पाच टप्पे पार करतात आणि मग पंख असलेले प्रौढ होतात.

हार्वर्डमध्ये मात्र ते प्रौढ होईनात. पाचव्या टप्प्यानंतर पुन्हा कात टाकून ते आणखी मोठं पिल्लूच व्हायचे आणि तसेच मरून जायचे. प्रागमध्ये असं कधी झालं नव्हतं.

मग प्राग आणि हार्वर्डमधल्या संगोपनात काय काय वेगळं आहे, याची यादी झाली आणि एकेक फरक तपासला गेला. शेवटी कारण सापडलं ते कागदात. किड्यांच्या डब्यात पेपर टॉवेलचे तुकडे ठेवलेले होते. त्याऐवजी प्रयोगशाळेतला गाळण कागद ठेवल्यावर किडे नीट वाढू लागले.

मग गंमत वाढत गेली. 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कागदाने किड्यांची वाढ अडत होती. लंडनच्या 'टाइम्स'च्या आणि 'नेचर' नियतकालिकाच्या कागदाने काहीच होत नव्हतं. फरक होता झाडाचा. अमेरिकन कागदाच्या लगद्यात बाल्सम फर हे झाड वापरलं जायचं. त्या झाडात किड्यांच्या बाल-संप्रेरकासारखा पदार्थ असतो. या प्रभावाला 'पेपर फॅक्टर' हे नाव पडलं आणि १९६६ मध्ये त्यामागचं रसायन, जुवाबिओन, ओळखलं गेलं.

याचा भारताशीही संबंध आहे. कपाशीवर पडणारा लाल ढेकूण विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा. तो याच किड्यांच्या कुळातला आहे आणि त्याचीही वाढ हा कागद अडवतो, असं १९६६ मध्येच दाखवलं गेलं. किड्याला विष देण्याऐवजी त्याला प्रौढच होऊ द्यायचं नाही, या कल्पनेला त्यातून बळ मिळालं. डासांच्या अळ्यांवर वापरलं जाणारं मेथोप्रीन याच तत्त्वावर काम करतं.

क्लीव्हलँड: चुकीचं डिटर्जंट आणि बिघडलेली अंडबीजं

तिसरी घटना १९९८ ची. पॅट्रिशिया हंट या क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उंदरांच्या अंडबीजांवर संशोधन करत होत्या. निरोगी तरुण मादींमध्ये गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली अंडबीजं साधारण १ ते २ टक्के सापडायची. अचानक हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं. तेही ज्या उंदरांवर कोणताच प्रयोग केलेला नव्हता, त्यांच्यात.

कारण सापडलं धुण्याच्या जागी. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीच्या डिटर्जंटऐवजी फरशीसाठीच्या तीव्र डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या. त्यामुळे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक खराब झालं आणि त्यातून बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, बाहेर पडू लागलं.

हंट यांनी एवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. त्यांनी मुद्दाम पिंजरे आणि बाटल्या तशाच खराब करून पाहिल्या. उंदरांना वेगळं बीपीए देऊनही पाहिलं. दोन्ही वेळा परिणाम दिसला. २००३ मध्ये हे संशोधन 'करंट बायॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झालं.

पंधरा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांच्याच गटाने तसाच दुसरा अनुभव मांडला. यावेळी पिंजरे वेगळ्या प्लास्टिकचे होते आणि खराब झाल्यावर त्यातून बीपीएस बाहेर पडत होतं. 'बीपीए-फ्री' वस्तूंमध्ये बीपीएऐवजी जी रसायनं वापरली जातात, त्यातलंच हे एक.

मग चूक पकडली कशी जाते?

तिन्ही घटनांमध्ये एक गोष्ट समान आहे. गडबड लक्षात आली ती 'कंट्रोल'मुळे. ज्या गटावर कोणताही प्रयोग करायचा नसतो, फक्त तुलनेसाठी ठेवायचा असतो, तो कंट्रोल गट. या गटात काहीच बदल व्हायला नको. तिथेच बदल दिसला, तर समजायचं की परिस्थितीत काहीतरी हललं आहे.

पण प्रत्येक वेळी बदल इतका ढळढळीत नसतो. ४० टक्के दिसले की कुणीही दचकेल. २ चे ३ झाले तर? तो आकडा योगायोग म्हणून सोडून दिला जाऊ शकतो, किंवा खरा शोध म्हणून छापलाही जाऊ शकतो. खरा धोका इथे आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत वेगळ्या कंपनीची नळी असेल, तर तोच प्रयोग तिथे जमणार नाही आणि का जमला नाही, हे कुणालाच कळणार नाही.

२००८ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये असंच उदाहरण दिलं. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्या आणि पिपेटच्या टोकांमधून दोन प्रकारची रसायनं द्रवात उतरत होती. त्यातलं एक मेंदूशी संबंधित एका महत्त्वाच्या एन्झाइमचं काम अडवत होतं. औषधांची चाचणी करताना असं घडलं, तर परिणाम औषधाचा की नळीचा, हे कसं ठरवणार?

प्रयोगशाळा काय काळजी घेतात?

उपाय साधे आहेत, पण चिकाटी लागते.

पहिला, बॅच किंवा लॉट नंबरची नोंद. कॅटलॉग नंबर वस्तूचं नाव सांगतो. ती कोणत्या खेपेत तयार झाली, हे लॉट नंबर सांगतो. बिघाड शोधताना हीच नोंद कामाला येते.

दुसरा, नवी खेप वापरण्याआधी जुन्या खेपेशी ताडून पाहणं. पेशी वाढवायला लागणाऱ्या रक्तद्रवाच्या बाबतीत अनेक प्रयोगशाळा हे करतात. थोडा नमुना मागवून तपासतात आणि चांगली निघालेली एकच खेप भरपूर घेऊन ठेवतात.

तिसरा, कोरा नमुना. नळीत नुसतं पाणी किंवा द्रावक ठेवून तेच तपासायचं. त्यात काही सापडलं, तर ते नळीतूनच आलं.

भारतातल्या सरकारी संस्थांसाठी यात एक जास्तीची अडचण आहे. सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराला महत्त्व असतं. त्यामुळे पुरवठादार बदलू शकतो आणि त्याबरोबर वस्तूही. 'ठरलेलाच माल हवा' असा आग्रह संशोधक धरतात, तेव्हा तो दरवेळी हट्ट नसतो. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक साहित्याच्या खरेदीचे नियम सैल केले आणि संशोधन संस्थांना 'जेम' या सरकारी पोर्टलच्या बाहेरूनही खरेदीची मुभा दिली.

याचा आपल्याशी काय संबंध?

नळी, पिंजरा आणि बाटली ज्या प्रकारच्या प्लास्टिकची असते, तसं प्लास्टिक आपल्या स्वयंपाकघरातही असतं. उंदरांमध्ये जे दिसलं, ते माणसांमध्ये तसंच आणि तेवढंच होतं, असं या प्रयोगांवरून थेट म्हणता येत नाही. बीपीएचं किती प्रमाण सुरक्षित मानायचं, यावर अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांचंही एकमत नाही.

तरीही नियम बदलले. युरोपियन युनियनने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये बीपीएला बंदी घातली. भारतीय मानक ब्युरोच्या २०१५ च्या मानकातही अशा बाटल्यांसाठी बीपीएला मनाई आहे. २०२४ च्या अखेरीस युरोपियन युनियनने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्येच बीपीएवर बंदीचा निर्णय घेतला.

या सगळ्यामागे संशोधनाचा मोठा ढीग आहे. एकट्या हंट किंवा सोटो यांच्यामुळे हे झालं नाही. पण 'आजचा प्रयोग फसला, तो टाकून द्या आणि उद्या पुन्हा करू' असं म्हणणं त्यांना सहज शक्य होतं. नळ्यांची दुसरी पेटी मागवली असती, तर कदाचित त्यांचं काम पुढे सरकलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. आकडा का चुकतोय, हे कळेपर्यंत त्या थांबल्या.

पुढच्या वेळी 'एका संशोधनात असं आढळलं' अशी पोस्ट फॉरवर्ड करताना एवढं एक पाहा: तोच निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या सामानासह निघाला आहे का? तसा निघाला असेल, तर तो नळीचा नसून निसर्गाचा असण्याची शक्यता बरीच वाढते.